धुळाजीचा चांगला पाय

मनुष्यजातीचा सारा डोलारा विवाहसंस्थेवर उभा आहे. राज्यं आली नि गेली, नद्यांनी पात्रं बदलली, देवांच्या मूर्ती इकडच्या तिकडं झाल्या, पण लग्नं जुळत राहिली म्हणून माणूस टिकला. आणि घनसावंगी तालुक्यात ही अतिप्राचीन संस्था गेली अकरा वर्षं धुळाजीच्या चहा पिण्याच्या ताकदीवर उभी होती.

धुळाजी सोयरिकी जुळवायचा. फुकट. लग्नात मानाची टॉवेल-टोपी मिळाली की तो खूश. घरात टॉवेल इतके साठले, की बायकोनं, आशाबाईनं, त्यांची एक गोधडी शिवली आणि तरी दोन गाठोडी उरली. अकरा वर्षांत शेहेचाळीस लग्नं. त्यातली चव्वेचाळीस टिकली. उरलेल्या दोन्हींबद्दल तो म्हणायचा, "त्यायच्या घरी चहाच फिक्का व्हता. मला तवाच समजाया पायजे व्हतं."

हे तो गमतीनं म्हणत नव्हता. सोयरिकीत शब्द कमी नि चहा जास्त असतो. पाहुण्यानं कप रिकामा केला, तर बोलणी पुढं सरकली. अर्धा ठेवला, तर विचार चालू आहे. कपाला हातच लावला नाही, तर विषय संपला. उठा, मोटारसायकली काढा. तोंडानं 'नाही' म्हणायची पद्धत नाही, त्यानं माणसं दुखावतात. आणि चहात साखर हात सैल सोडून पडली पाहिजे. बिनसाखरेचा चहा मागणं म्हणजे समोरच्याच्या पोरीला नावं ठेवणंच. दोन घरं म्हटली, तरी प्रत्येक घरी तीन भाऊ, आणि प्रत्येक भावाच्या चुलीवरचा चहा वेगळा. मध्यस्थाला एकाही चुलीचा अपमान करता येत नाही. धुळाजीच्या पोटात दिवसाला बारा-चौदा कप जायचे. सोबत पोहे, खारी, आणि ठरलंच तर बुंदी.

त्याआधी धुळाजीकडं साठ मेंढ्या होत्या. मेंढ्यांमागं दिवसाला पाच-सहा कोस चालायचं. फडक्यात ज्वारीच्या दोन भाकरी, लाल मिरचीचा ठेचा, एक कांदा. मग चराई सरली, मेंढ्या विकल्या. मेंढ्यांबरोबर चालणंही गेलं, पण भूक काही व्यापाऱ्यानं नेली नाही, ती घरीच राहिली. भाकरीच्या जागी पांढरा भात आला, ठेच्याच्या जागी बुंदी आली, आणि पायांच्या जागी चुलतभाऊ सुग्रीवची मोटारसायकल आली. माणूस तोच, फक्त आता तो बसून होता आणि खात मात्र पाच कोसांचं होता.

मग मुंग्या आल्या.

गोठ्यामागं बोरीच्या झाडाखाली धुळाजी लघवीला जायचा, तिथं मुंग्यांचा बाजार भरू लागला. आशाबाईनं पावडर टाकली. मुंग्या मेल्या. दुसऱ्या दिवशी नव्या आल्या, मेलेल्यांना ओलांडून. आशाबाईनं पुन्हा पावडर टाकली. पावडरीचे तीन डबे संपले, मुंग्या संपल्या नाहीत. धुळाजीला तहान फार लागत होती आणि अंगरखा सैल झाला होता. तो म्हणायचा, "अंग हलकं झालं बघ. तरणा होऊन राह्यलो मी."

त्याची मुलगी प्रांजली जालन्यात रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. सुट्टीला घरी आली, गोठ्यामागं गेली, आणि मुंग्यांकडं बराच वेळ बघत उभी राहिली.

"आबा, येत्या रविवारी तुमचं रक्त काढते."

"काढ की. मला काय झालंय?"

धुळाजीनं हे आव्हान शाळकरी पोरानं परीक्षेला बसावं तसं घेतलं. शुक्रवारपासून त्यानं अभ्यास सुरू केला. चहा बंद. भात बंद. मेथीची भाजी, एक भाकरी, कारल्याचा रस. शनिवारी जांब समर्थला पायी जाऊन आला आणि देवापुढं बराच वेळ हात जोडून उभा राहिला. रविवारी उपाशीपोटी त्यानं मोठ्या विश्वासानं दंड पुढं केला. रक्त काढून झाल्यावर आधी दोन कप चहा प्यायला. परीक्षा संपली होती.

संध्याकाळी प्रांजलीचा फोन आला.

"आबा, उपाशीपोटी एकशे एकोणचाळीस."

"म्हंजे?"

"थोडी जास्त हाय."

"थोडीच ना! म्या म्हणलं व्हतं."

"थांबा. मी तीन महिन्यांची साखरबी बघितली. तुम्ही दोन दिवस काय खाल्लं त्याला ती भुलत न्हाई. मागच्या तीन महिन्यांचं सगळं रक्तात ऱ्हातं."

आपल्याच रक्तानं आपली चुगली केली, हे धुळाजीला पटायला वेळ लागला.

"किती आली?"

"दहा पूर्णांक नऊ."

"अन् पास व्हायला किती लागतेत?"

"साडेसहाच्या आत पायजे."

"मंग म्या तर जास्ती घेतले की."

धुळाजी स्वतःच्याच उत्तरावर हसला. मग प्रांजली म्हणाली, "हसू नका आबा. हे आज दुखत न्हाई म्हणूनच वाईट हाय. डोळे, किडनी, पाय. ते हळूहळू खातं."

डॉक्टरनं गोळ्या दिल्या. धुळाजीनं त्यांचा स्वतःचा हिशेब बसवला: एक गोळी खाल्ली की दोन कप माफ. ज्या दिवशी चहा जास्त, त्या दिवशी गोळ्या जास्त. ज्या दिवशी सोयरीक नाही, त्या दिवशी गोळी कशाला वाया घालवा? असं वर्ष गेलं.

दिवाळी होऊन गेली. एका सकाळी आशाबाई झाडायला फडं घेऊन ओसरीवर आली आणि जागीच थबकली. दारापासून धुळाजीच्या बाजेपर्यंत फरशीवर लाल पावलं उमटली होती. महालक्ष्म्या घरात येताना कुंकवाची उमटवतात तशी. पण महालक्ष्म्यांना येऊन तीन महिने होत आले होते, आणि ही पावलं सगळी डाव्या पायाचीच होती.

तिनं पावलांचा माग काढला. बाजेवर धुळाजी एक पाय खाली सोडून टोस्ट खात होता.

"अवो, पायाला काय झालं?"

"कुठं काय?"

तिनं पाय उचलून बघितला. तळव्यात बाभळीचा काटा मोडून बसला होता, बोटाच्या पेराएवढा. रानातून घरापर्यंत तो त्याच्यावर चालत आला होता.

"दुखून न्हाई राह्यलं?" आशाबाईनं काट्याला बोट लावून विचारलं.

"मेंढक्याचा पाय हाय," धुळाजी टोस्ट बुडवत म्हणाला. "काट्याला त्याची भीती वाटायची. आता वळख ऱ्हाइली न्हाई."

काटा निघाला, पण भोक बुजलं नाही. प्रांजली दर रविवारी येऊन पट्टी बदलायची. पहिल्या रविवारी ते भोक ज्वारीच्या दाण्याएवढं होतं. तिसऱ्या रविवारी रुपयाएवढं झालं, आणि त्याला वास यायला लागला. प्रांजलीनं नाकाला पदर लावला नाही. तिनं फक्त पट्टी आवळली आणि म्हणाली, "पुढच्या आठवड्यात जालन्याला मोठ्या डॉक्टरकडं चला. न्हाई तर बोट जाईल. बोटावर भागलं तर."

"पुढच्या आठवड्यात न्हाई. पुढच्या आठवड्यात कुंभार पिंपळगाव हाय."

कुंभार पिंपळगावला तातेराव होता, आणि तातेरावचा मुलगा कल्याण. कल्याण जालन्याच्या एमआयडीसीत बियाणं कंपनीत सुपरवायझर होता. प्रांजलीची नि त्याची जालन्यातच ओळख झाली होती, पण ते दोन्ही घरांनी न ऐकल्यासारखं केलं होतं, म्हणजे मग सोयरीक रीतीनं जुळवता येईल. शेहेचाळीस परक्या पोरी उजवलेल्या माणसाच्या घरात आता स्वतःची पोर उजवायची होती. अडचण एकच होती. तातेरावनं निरोप धाडला होता: शिक्षण कमी चालंल, रंग कसाबी चालंल, पण घरात शुगर नको.

त्याला कारण होतं. तातेरावचा थोरला भाऊ पुंजाराम आधी अंगठ्यानं गेला, मग पावलानं, मग गुडघ्यापर्यंत, आणि उरलेला माणूस सहा महिन्यांनी गेला. तेव्हापासून तातेरावला या रोगाचा धाक बसला होता. 'पोरीच्या बापाला असंल तर पोरीला येतो, पोरीला आला की नातवाला येतो,' असं तो चारचौघांत सांगायचा.

"आबा, सांगून टाका," प्रांजली म्हणाली. "लपवून मला न्हाई जायचं तिथं."

"तू गप. सोयरिकीतलं तुला काय कळतं?"

"तुमच्या पायातलं कळतं."

"एवढी बैठक होऊ दे. मंग बोट काप, पाय काप, मला काप."

आशाबाई मधे पडली नाही. ती उठून देवापाशी गेली आणि दिव्याची वात उगाचच पुढं सारली.

मार्गशीर्षातल्या एका बुधवारी सुग्रीवच्या मागं बसून धुळाजी कुंभार पिंपळगावला निघाला. थंडी होती, म्हणून मोजे घातल्याचं कुणाला नवल वाटण्याचं कारण नव्हतं. डाव्या मोज्यात प्रांजलीची पट्टी होती, आणि पट्टीवर त्यानं थोडं अत्तर टाकलं होतं. वाटेत सुग्रीव म्हणाला, "दादा, वास येऊन राह्यला कशाचा तरी."

"अत्तर हाय."

"अत्तराच्या खालून येऊन राह्यला."

"गाडी जल्दी चालव."

तातेराव ओसरीवर बसला होता. माणूस आडवा-तिडवा, धोतर पायघोळ, बोलणं मोजकं. बैठक बसली. चहा आला. तातेरावनं स्वतःच्या हातानं कप पुढं केला आणि धुळाजीच्या तोंडाकडं बघत राहिला. धुळाजीनं कप एका दमात रिकामा करून खाली ठेवला. दुसरा आला. तोही रिकामा.

"खानदान?" तातेरावनं विचारलं.

"निरोगी," धुळाजी म्हणाला. शेहेचाळीस वेळा म्हटलेला शब्द. तोंडातून आपसूक निघाला. "आमचा बाप नव्वदीला गेला, तोबी बोरीच्या झाडावरून पडून."

"शुगर-बिगर?"

"नाव काढू नका, पाव्हणं."

तातेरावनं आत बघून मान हलवली. त्याची बायको पुष्पाबाई जिलेबीचं ताट घेऊन आली. हा तातेरावचा ठरलेला इलाज होता. शुगरवाला ओळखायचा तर त्याच्यापुढं जिलेबी ठेवायची. तो एक तुकडा मोडतो, बाकी बोटानं इकडं-तिकडं करतो. धुळाजीला हे ठाऊक होतं. त्यानं जिलेबी उचलली आणि अख्खी खाल्ली. तातेरावनंही एक खाल्ली; पाहुण्याला एकट्याला खाऊ घालणं बरं दिसत नाही. धुळाजीनं दुसरी घेतली. तातेरावनंही. तिसरी. चौथी. दोघं एकमेकांच्या डोळ्यांत बघत, सावकाश चावत राहिले. सुग्रीवला मधेच वाटलं की हे आपल्यासमोर काहीतरी भलतंच चाललं आहे, पण काय ते त्याला सांगता आलं नसतं. सातव्या जिलेबीला तातेरावनं ताट बाजूला सारलं.

"बास," तो म्हणाला. "पसंत हाय."

बसलेल्या चार माणसांनी एकदम श्वास सोडला. धुळाजीच्या कपाळावर थंडीत घाम आला होता. जीभ कोरडी पडली होती, आणि समोरच्या माणसांच्या कडा जरा पुसट झाल्या होत्या. पण झालं होतं. सत्तेचाळिसावं झालं होतं.

तेवढ्यात पुष्पाबाई बंबातलं पाणी घंगाळात घेऊन आली.

तातेरावच्या घरची ही जुनी रीत होती. सोयरीक पक्की झाली की जेवायच्या आधी नव्या इवायाचे, म्हणजे व्याह्याचे, पाय धुवायचे. पण धुळाजी अकरा वर्षांचा कसलेला मध्यस्थ होता. "उजवाच धुतो, वहिनी," तो हसून म्हणाला. "डाव्याला ठेच लागलीया, पट्टी हाय." त्यानं उजवा मोजा काढला. चांगला पाय. एक ओरखडा नाही. तो त्यानं सगळ्यांना दिसेल असा पुढं केला.

"बसा, इसण आणते," म्हणून पुष्पाबाई गार पाण्याच्या कळशीकडं वळली.

तिची पाठ वळली आणि धुळाजीनं पाय घंगाळात सोडला. सोडला आणि बोलत राहिला. तो मांडवाचं बोलत होता. मांडव पोरीच्या दारी, जेवणात गव्हाची खीर, वाजंत्री गावातलीच. वाफ वर येत होती आणि त्याच्या धोतराच्या सोग्याभोवती फिरत होती. सुग्रीवही पाय धुवायला पुढं झाला, त्यानं अंदाज घ्यायला घंगाळात दोन बोटं घातली आणि "आयाया!" करून हात झटकत मागं उडी मारली.

सगळ्यांच्या माना वळल्या.

"काय झालं?" धुळाजीनं विचारलं.

पुष्पाबाई कळशी घेऊन आली होती. तिचं लक्ष घंगाळाकडं गेलं. "पाव्हणं," ती कशीबशी म्हणाली, "त्यात अजून इसण घातलं न्हाई वो."

"असू द्या की, वहिनी," धुळाजी म्हणाला. "बराबर हाय. कोमट हाय."

तातेराव उठला, वाकला, आणि त्यानं दोन्ही हातांनी धुळाजीची पोटरी धरून पाय पाण्याबाहेर काढला. घोट्याच्या वर एक सरळ रेघ होती. रेघेच्या वर धुळाजीचा पाय. रेघेच्या खाली लाल मोजा घातल्यासारखं काहीतरी होतं, आणि ते बघता बघता फुगत चाललं होतं. धुळाजी त्याच्याकडं बघत होता, जत्रेत दुसऱ्याची वस्तू बघावी तसा. त्याला त्यात काही ओळखीचं सापडत नव्हतं.

"गार पाणी वता," तातेराव म्हणाला. "वतत ऱ्हावा. कल्याणला म्हणावं जीप काढ, जालन्याला न्यायचंय."

पुष्पाबाई कळशीनं पाणी ओतत राहिली. तातेरावनं पाय सोडला नाही.

"पुंजारामदादाचंबी पाण्यातच समजलं व्हतं," तो इतक्या हळू म्हणाला, की फक्त धुळाजीनं ऐकलं. "आसंच म्हणला व्हता. कोमट हाय."

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. धुळाजीनं डावा मोजाही काढला. पट्टी सोडली. माणसं दोन पावलं मागं सरली. मग तो सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला; एवढं सरळ तो कुठल्याच बैठकीत बोलला नव्हता.

"पाव्हणं, शुगर हाय मला. वर्स झालं माहीत होऊन, त्याच्या आधी किती वर्सं व्हती ते त्या मुंग्यांला ठाऊक. पोरगी म्हणली सांगा, म्या सांगितलं न्हाई. खोट माझ्यात हाय, तिच्यात न्हाई. ती उलट कवापासून मला वडून राह्यली. आता सोयरीक मोडली तर मोडू द्या, पण माझ्या खोटेपणाचा डाग तिच्यावर लावू नका. म्या शेहेचाळीस घरं बसवली अन् स्वतःच्या घराला आग लावली, ती पण कपा-कपानं."

जिलेबीच्या ताटावर एक माशी आली, मग दुसरी.

कल्याणनं जीप आणली. त्यानं बापाच्या तोंडाकडं एकदा बघितलं. मग फोन कानाला लावून बाजूला गेला आणि पलीकडं प्रांजलीला पायांचं सांगू लागला. सुग्रीव नि कल्याणनं मिळून धुळाजीला उचलून मागच्या सीटवर आडवं केलं, पाय ओल्या धडप्यात गुंडाळले. मग दोघं पाण्याची कळशी आणायला परत ओसरीकडं गेले.

तातेराव जीपपर्यंत आला. एका हातानं दार धरून उभा राहिला. धुळाजीनं डोळे मिटून घेतले. आता तोंडानं नकार येणार. अकरा वर्षांत त्यानं तोंडानं दिलेला नकार ऐकला नव्हता, आणि तो कसा ऐकायचा असतो हे त्याला माहीत नव्हतं.

तातेरावनं ओसरीकडं वळून बघितलं. पुष्पाबाई लांब होती. बाकीची माणसं आपापसांत कुजबुजत होती. मग तो आत वाकला. त्याच्या तोंडाला जिलेबीच्या पाकाचा वास येत होता. डोळे धुळाजीच्या चेहऱ्यावर होते, पण नेमके चेहऱ्यावर नव्हते, जरासे बाजूला होते.

"इवाई," तो म्हणाला, आणि अडखळला.

"बोला."

"कुणाला बोलू नका. खाली बघितलं तर मला समदं धुकंच दिसतंय, अन् पायालाबी काय समजंना झालंय. जरा वाकून सांगता का, माझ्या पायात चप्पल हाय का?"